आत्यासाहेब तोफेच्या माघारीची व विजयाची बखर

॥ श्रीधरित्री समर्थ ॥ जी राजास व रंकास, सोन्याच्या मोहरेस व शेणाच्या गोवरीस, वारा आडवा न आला तर एकाच वेगे आपणाकडे ओढते, जिचे चरणी मस्तक ठेवावयास भाविकास काही सायास पडत नाहीत, कारण मान सैल सोडिली की मस्तक तीच ओढून घेते, त्या धरित्रीस नमन असो. राजशक एक्याण्णव, अचल नाम संवत्सरे, वैशाख मास, ते समयीचे वर्तमान. साहेबी आज्ञा केली की, आत्यासाहेब तोफेवर माघारीचे तीन अपराध दप्तरी लागू असता तिजला सलामीचा मान कैसा मिळाला, ते साद्यंत लिहोन पाठविणे. त्यास जे पाहिले ते पाहिले म्हणोन, जे ऐकिले ते ऐकिले म्हणोन, आणि जे मोजिले ते दोरीच्या मापासह लिहिले आहे. देवीने दृष्टांत दिला, आकाशातून पुष्पवृष्टी जाहाली, ऐसे या हकीकतीत काही नाही. ते दिवशी आकाश निरभ्र होते आणि वारा नव्हता, इतकेच आकाशाचे काम.

ते राज्य एका थोर सरोवराचे मधोमध होते, आणि पाण्यातील जलकोट हाच किल्ला व हीच राजधानी. राज्याचे मूळपुरुष एकदा शत्रूपुढे तीन दिवस एका जागी उभे राहिले आणि पाऊल मागे घेतले नाही, म्हणोन त्यांनी नियम घालोन दिला की, या राज्यात कोणी पाऊल मागे सारू नये. पुढे पुरुष गेले, कारण गेले, नियम राहिला, आणि जो नियम माणसांसाठी होता तो बैलांस लागू जाहाला, मग गाड्यांस, मग होड्यांस, आणि मग तोफांस. अन्य राज्यांच्या दरबारात लोक राजापुढून निघताना पाठ न दाखविता मागे मागे सरतात. येथे ते चालत नसे, सबब मानकरी मुजरा करोन सरळ पाठ फिरवीत आणि चालते होत, आणि परमुलखीचे वकील ते पाहोन रुसून जात. पाठ दाखविणे माफ होते, पाऊल मागे सारणे माफ नव्हते. तैसेच होडीस वल्ही लावावयाची बंदी होती, कारण वल्हेकरी ज्या दिशेस पाठ करोन बसतो त्या दिशेस होडी जाते, म्हणजे तो बसल्या जागी मागे सरतो. आणि दुसरे कलम ऐसे की, वल्हे हे आपल्याच सरोवराचे पाणी मागे सारते, तोही अपराध. मग होड्या चालत त्या शिडाने, आणि उथळात तळास बांबू रेटोन. हे सर्व पाहावयास एक दप्तर होते आणि त्यावर रुद्राजी अनंत पाऊलनवीस हे गृहस्थ होते, ज्यांस सर्व पंत म्हणत. अंगाने काटकुळे, अक्षराने मोत्यासारखे, कमरेस काथ्याची गाठी मारलेली दोरी. कोण किती हात मागे सरला ते मोजावे आणि दप्तरी चढवावे. लाच घेत नसत. ते लाच घेते तर राज्याचे बरेच संकट टळते.

आता मूळ मजकूर. किल्ल्यावरील सर्वात थोर तोफेचे नाव आत्यासाहेब. वजन तीस मण, गोळा दहा शेरांचा, आवाज ऐसा की पागेतील घोडी दावणी तोडीत. तिजवर सटवाजी गोलंदाज होता. माणूस थोडे बोलणारा, आणि तोफेस पुसल्याशिवाय बत्ती न देणारा. त्याची बायको आवडाबाई, उत्तर काठच्या तारकऱ्याची लेक. तिचे बाळपण बापाच्या होडीत प्रवासी उतरविण्यात गेले, आणि नवरा जितके बोलत नसे तितके ती बोले. राजपुत्र जन्मले तेव्हा आत्यासाहेबांनी सलामी दिली आणि दोन हात मागे सरल्या. पंतांनी दोरी लाविली, पहिला अपराध लिहिला, आणि आत्यासाहेबांचा सणावारीचा फुलांचा हार बंद जाहाला. दसऱ्यास पुन्हा तीन हात मागे सरल्या. दुसरा अपराध. मग लोहाराकडोन लोखंडाच्या पाच जाड बांगड्या घडवोन, प्रत्येकीस कडी ठोकोन, त्या तोफेच्या अंगात चढविल्या, की जगाने पाहावे, ही भित्री आहे. बाजारची पोरे हसली. आवडाबाई पाणी भरून येत होती, ती थांबोन पंतांस बोलिली, "पंत, या माझ्या हातात बारा आहेत. रोज दोन घागरी घेऊन साठ पायऱ्या चढते. बांगड्यांनी माणूस भित्रा होत असता तर तुमच्या घरी पाणी कोणी भरलं असतं?" पंत बोलिले, "बाई, हे सरकारकाम आहे." ती बोलिली, "घागर घेऊन बघा, तेही सरकारकामच वाटेल."

मग वैशाखमासी गनीम चालोन आला आणि सरोवराचे दक्षिणकाठी त्याने डेरा दिला. आत्यासाहेबांस पूर्वतटाच्या दक्षिण बुरुजावर नेमिले, आणि पुन्हा माघार घडू नये म्हणोन पंतांच्या सांगण्यावरोन तोफेस मनगटाएवढ्या जाड साखळदंडाने बुरुजाच्या कठड्यास आवळोन जखडिले, ऐसे की बोटभर हलावयास जागा नाही. सटवाजी बोलिला, "पंत, हिला थोडं अंतर द्या. ती मागं येणारच." पंत बोलिले, "का येणारच?" सटवाजीस का ते सांगता येईना, येणारच इतके ठाऊक. मग बार सुरू जाहाले, आणि दर बारास साखळी ताठ होई आणि कठड्याचे दगड आत ओढले जात. अकराव्या बारास कठडा निखळला, त्याजबरोबर बुरुजाची अर्धी भिंत पाण्यात गेली, आणि आत्यासाहेब नऊ हात मागे येऊन थांबल्या. गनिमाचे गोळ्यांनी पाच दिवसांत जे केले नव्हते ते आपल्याच साखळीने केले. पंतांनी धुरळा बसण्याची वाट पाहिली, दोरी लाविली, आणि निवाडा लिहिला तो ऐसा: भिंत फुटली परंतु हटली नाही, सबब तीस वीरमरण, आणि शेजारील भिंतीस वारस म्हणोन शेल्याचा मान, तोफ हटली, सबब तिसरा अपराध. तिसऱ्या अपराधाची शिक्षा ठरलेली की, गोलंदाजास त्याच तोफेच्या तोंडी द्यावे. तोंडी देताना तोफ पुन्हा मागे सरेल, तो चौथा अपराध कोणाचे माथी, हे कोणी विचारिले नाही.

महाराज सदरेस बसले, सटवाजीस उभे केले, उजवीकडे धारराव सरनोबत, अंगाने हत्ती, डावीकडे पंत. महाराज बोलिले, "सटवाजी, तुझी तोफ का पळते?" सटवाजी बोलिला, "पळत नाही, महाराज. गोळा जातो म्हणून ती येते." पंत बोलिले, "गोळा जातो पुढे. ती येते मागे. यात संबंध काय?" तेव्हा आवडाबाई लोकांच्या दाटीतोन पुढे आली आणि बोलिली, "महाराज, होडी काठाला लागते तेव्हा घाईचा माणूस उडी मारतो. तो काठावर पडतो आणि होडी मागं जाते. माझा बाप ओरडायचा, उडी मारू नका, होडी जाते. होडी काय भ्याली? त्यानं पायानं होडीला मागं ढकललं, होडीनं त्याला पुढं ढकललं. एकानं दुसऱ्याला ढकललं आणि दुसऱ्यानं काहीच केलं नाही, असं मी पाण्यावर एकदाही बघितलं नाही." पंत बोलिले, "ढकलणारा ढकलतो, ढकलला जाणारा ढकलला जातो. दोघेही ढकलतात ही नावाड्यांची भाषा." आवडाबाई बोलिली, "मग पंत, बसा होडीत."

दरबार हसला, आणि महाराजांस गोष्ट आवडली. मग उत्तरेच्या जलद्वारापाशी, जेथे पाणी स्थिर असते, तेथे दोन सारख्या होड्या आणिल्या, दर एक दीड मणाची. एकीत पंत बसले, तेही दीड मण. दुसरीत धारराव बसले. चिलखतासुद्धा साडेचार मण. म्हणजे एक होडी माणसासह तीन मण, दुसरी सहा, दुप्पट. दोन्ही होड्या नाकास नाक लावोन उभ्या केल्या आणि आवडाबाईने सांगितले, "पंत, तुम्ही ढकला. सरनोबतांनी हात नुसते धरून ठेवायचे, जोर करायचा नाही." नगाऱ्याचे दहा ठोके वाजेपर्यंत होडी किती जाते ते मोजावयाचे ठरले. पंतांनी दोन्ही तळवे सरनोबतांच्या तळव्यांस लाविले आणि देवाचे नाव घेवोन रेटिले. धारराव डुलत डुलत तिकडे चालिले, आणि ढकलणारे पंत त्याहून झपाट्याने इकडे मागे चालिले, पागोटे एका हाती धरोन. दहा ठोक्यांस दोरी लाविली: धारराव पावणेसहा हात, पंत अकरा हात. मग उलट केले. धाररावांनी ढकलिले, पंतांनी हात धरिले. पुन्हा तेच; जोर मोठा म्हणोन दोघेही अधिक गेले, परंतु पंत धाररावांच्या जवळ जवळ दुप्पट. कोणी ढकलिले याचा काही फरक पडेना. ज्याचे वजन अर्धे त्याची चाल दुप्पट. हिशेब तंतोतंत जुळला नाही, कारण पाणी दोघांसही अडवीत होते आणि वेगाने जाणाऱ्यास अधिक; आणि तंतोतंत जुळला ऐसे जो सांगेल त्याची दोरी तपासावी.

महाराज घाटावरोन बोलिले, "पंत, अकरा हात मागे सरलात. दप्तरी काय चढवावे?" पंत भिजलेले नव्हते तरी घामाने ओले होते, बोलिले, "महाराज, मी सरलो नाही. होडी सरली. मी होडीत बसून होतो." आवडाबाई बोलिली, "आत्यासाहेबही गाड्यावर बसूनच होत्या, पंत." ऐसा हशा पिकला की धारराव हसता हसता होडीसह उलटावयास आले. परंतु पंत हे चिवट गृहस्थ होते आणि, लिहिले पाहिजे, मूर्ख नव्हते. ते बोलिले, "पाण्यावर खरे ते दगडावर खरे कशावरून? तोफ होडीत नव्हती. दोन होड्यांच्या खेळावर एक्याण्णव वर्षांचा नियम मोडावा काय?" महाराज विचारात पडले आणि बोलिले, "पंत म्हणतात तेही वावगे नाही. अमावास्येपर्यंत मुदत. तोपर्यंत तोफेनेच दाखवावे. न दाखविल्यास सटवाजी तोंडी जाईल." अमावास्येस आठ दिवस होते. सटवाजी घरी गेला आणि जेवला नाही. आवडाबाई बोलिली, "जेवा. उपाशी माणूसही तोफेच्या तोंडी तसाच उडतो." मग तोही थोडा हसला, आणि दोन घास जेवला, आणि ती मात्र न जेवता चुलीपाशी बसोन राहिली, हे शेजारणीने सांगितले.

पाचवे दिवशी सकाळी गनिमाने बांबूचे नऊ तराफे पाण्यात सोडिले, लांब बांबू तळास रेटीत दक्षिणेच्या उथळातोन आणिले, आणि पडक्या बुरुजाच्या भगदाडाखाली एकास एक बांधोन त्यावर शिड्या उभ्या करू लागला. त्या भगदाडावर आपली एकही तोफ लागेना, कारण आत्यासाहेबांचे तोंड सरळ खाली झुकेना, आणि बाकीच्या सर्व तोफा आपापल्या कठड्यांस जखडलेल्या, तोंड वळेना; आणि मधोमध पूर्वतटाचा नाकाडा बुरूज पुढे आलेला, त्याआड तराफे दडलेले. वरोन दगड लोटिले ते तराफ्यांच्या मांडवांवरोन घरंगळले. दोन प्रहरांत शिड्या लागतील ऐसे दिसले. तेव्हा सटवाजी, जो थोडे बोले, तो महाराजांपुढे जाऊन बोलिला, "महाराज, आत्यासाहेबांस थोर होडीवर चढवून द्या. नाकाड्या बुरुजापलीकडं नेतो. दिसले की पुरे." धारराव बोलिले, "आणि होडी बुडाली तर?" सटवाजी बोलिला, "तर अमावास्येची वाट बघायला नको." महाराजांनी हुकूम दिला, आणि पंतांस आज्ञा केली की, "तुम्हीही जा. तोफेस काय दाखवायचे ते तुमच्यासमोर दाखवू दे." पंतांनी दोरी घेतली आणि मुकाट होडीत बसले, भ्याले खरे, परंतु गेले, हे त्यांचे नावे लिहिले पाहिजे. आवडाबाईस कोणी बोलाविले नव्हते. ती तारकऱ्याची लेक, तिने बांबू उचलिला आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या नाकावर, उभी राहिली.

होडीत तोफ, सहा माणसे, गोळे, आणि दारू सात बारांपुरती. जलद्वारापासोन उथळात बांबू रेटीत निघाले. तटालगत बुडालेले खडक, सबब साठ हात दूर राहोन चालावे लागले, आणि नाकाड्या बुरुजाच्या अलीकडे ऐंशी हातांवर तळ एकदम खोल गेला आणि बांबू टेकेना. शीड सोडिले ते धोतरासारखे लोंबत राहिले, वारा नाही. होडी थोडी पुढे गेली, मंद जाहाली, आणि थांबली. बुरुजापलीकडोन शिड्या ठोकण्याचा आवाज येत होता आणि गनिमाची माणसे एकमेकांस हाका मारीत होती, इतके जवळ. एक गडी होडीच्या दोन फळ्या उचकटोन पाणी मारू लागला, तो पंत बोलिले, "पाणी मागे सारता येत नाही. दुसरे कलम." गडी बोलिला, "पंत, मरायची वेळ आली!" पंत बोलिले, "वेळ आली म्हणून कलम जात नाही." कलम असो वा नसो, दोन फळ्यांनी साठ मणांवरचे ते ओझे सांजेआधी बुरुजापलीकडे पोचते ना.

तेव्हा आवडाबाई नाळेवरोन फिरली, तोफेकडे पाहिले, मागील मोकळ्या पाण्याकडे पाहिले, जिकडे उत्तरकाठापर्यंत बगळ्यांखेरीज कोणी नव्हते, आणि बोलिली, "धनी, हिचं तोंड मागं करा." सटवाजी बोलिला, "गनीम पुढं आहे." ती बोलिली, "गोळा मागं गेला तर आपण कुठं जाऊ?" लिहिणाऱ्याने पुढे सटवाजीस पुसिले तेव्हा तो बोलिला की, त्या क्षणी तीस वर्षांचे सगळे बार एकदम कळले. मग सहाजणांनी तरफा घालोन तोफ फिरविली, तोंड उत्तरेस. पंत ताडकन उठले आणि बोलिले, "शत्रूस पाठ करून बार? हे राज्यात कधी घडले नाही!" आवडाबाई बोलिली, "पंत, तुम्ही रोज महाराजांना पाठ दाखवून घरी जाता. नियम पाठीचा नाही, पावलाचा आहे. दोरी काढा आणि पाऊल कुठं पडतं ते मोजा." पंत उभे होते ते बसले, कारण कलम तिच्या बाजूस होते, आणि पंतांनी जन्मात कलमास नाही म्हटले नव्हते. मग ती बोलिली, "आता आवळून बांधा. किल्ल्यावर सैल पाहिजे होती, इथं घट्ट पाहिजे. सैल राहिली तर ती एकटीच पाण्यात जाईल. बांधली तर आपल्याला घेऊन जाईल." परंतु दोर गुळगुळीत पंचधातूच्या तोफेवरोन निसटे. तेव्हा सटवाजीचा हात त्या अपमानाच्या पाच बांगड्यांवर पडला, त्यांच्या कड्यांतोन दोर ओविला, आणि होडीच्या आडव्या तुळयांस पक्का बांधिला. सटवाजीने बत्ती दिली.

आत्यासाहेब गर्जल्या, गोळा उत्तरेस गेला, बगळे उडाले, आणि तोफ, होडी, सहा माणसे व एक दप्तर दक्षिणेस चालू लागले. पंत होडीच्या काठास धरोन पाण्याकडे पाहत राहिले आणि बोलिले, "बार होऊन गेला. धूरही गेला. आता कोण ढकलतो?" आवडाबाई बोलिली, "कोणी नाही." पंत बोलिले, "मग ही थांबत का नाही?" ती बोलिली, "चालत्याला चालायला कोणी लागत नाही, पंत. थांबवायला लागतं. बघा, पाणी थांबवतंय." खरेच, पाण्याने हळूहळू धरिले आणि होडी एकवीस हातांवर मंद जाहाली, तो दुसरा बार. मग तिसरा. पंत न सांगता माप ओरडोन सांगू लागले, "बेचाळीस! त्रेसष्ट!" आणि चौथ्या बारास, आवाज घोगरा जाहाला तरी, "चौऱ्याऐंशी!" आणि होडी नाकाड्या बुरुजापलीकडे आली, आणि पुढे उजव्या हातास नऊच्या नऊ तराफे, शिड्या, माणसे, सगळा गनीम उघडा पडला.

गनिमाचे लोकांनी धुरातोन होडी पाहिली. एक बोलिला, "अरे, तोफ उलटी धरली आहे! पळताहेत!" दुसरा बोलिला, "पळताहेत तर जवळ कसे येताहेत?" पहिला बोलिला, "पळायची सवय नाही त्यांना, चुकत असतील." हे भाषण पुढे धरलेल्या एका शिडीवाल्याने जबानीत लिहोन दिले आहे. तोवर सहाजणांनी दोर सोडोन तोफ फिरविली, तोंड गनिमाकडे, पुन्हा बांगड्यांतोन दोर ओविला, आणि सटवाजीने नेम धरिला. पाचवा बार जाहाला. गोळा तराफ्यांच्या जोडावर बैसला, दोर तुटले, तीन तराफे तिन्ही दिशांस गेले, आणि पुढे सरकत असलेली होडी त्याच बाराने जागच्या जागी थांबली, जैसे कोणी लगाम ओढावा. आवडाबाईने तेही हिशेबात धरले होते. सहाव्या बारास मधला मांडव शिड्यांसह आडवा जाहाला. मग तटावरोन धाररावांनी भगदाडातोन माणसे उतरविली, आणि गनिमाचे लोक, ज्यांस माघारीची बंदी नव्हती, त्यांनी ती मनसोक्त घेतली. सांजेस दक्षिणकाठचे डेरे उठले. किल्ल्यात नगारा वाजला, शिंगे वाजली, बायकांनी तटावर येऊन कुंकवाचे हात दिले, आणि होडी ज्या वाटे गेली त्या वाटे, दोन माणसे दोन फळ्या मारीत, सरोवराचे पाणी उघड उघड मागे सारीत, परत आली. पंत होडीत होते. त्यांनी ते पाहिले नाही, म्हणजे पाहिले परंतु दोरीस हात लाविला नाही.

दुसरे दिवशी सदर भरली. महाराज बोलिले, "पंत, निवाडा वाचा." पंत उभे राहिले, आवाज अजून घोगरा, आणि वाचिले, "आत्यासाहेब चार बारांत चौऱ्याऐंशी हात मागे सरल्या, सबब राज्य चौऱ्याऐंशी हात पुढे गेले. दगडावर, पाण्यावर न्याय एकच. दगडावर तो भिंतीस भोगावा लागला इतकेच. मागील तीन अपराध अपराध नव्हते. भिंतीचा शेला परत घ्यावा." खाली पंतांनी आपले अक्षरात हेही लिहिले होते की, आपण स्वतः होडीत बसोन अकरा हात मागे सरलो होतो, ते आजवर दप्तरी चढविले नव्हते, आता चढविले आहे. महाराज संतोषोन बोलिले, "सटवाजी, तुला माफी." सटवाजी बोलिला, "माफी नको, महाराज. माफी अपराधाला असते." महाराज हसले आणि बोलिले, "बरे. मग मान घे." आणि हुकूम केला की, तोफेच्या बांगड्या तोडोन सोन्याचा पट्टा चढवावा. तेव्हा आवडाबाई बोलिली, "बांगड्या राहू द्या, महाराज. राज्य त्यांनाच बांधलं होतं. आणि सोनं मऊ असतं, पुढच्या वेळी दोर धरायचं नाही." महाराजांनी बांगड्या तैशाच ठेविल्या, आणि फर्मावले की यापुढे किल्ल्यावरील कोणतीही तोफ जखडू नये, प्रत्येकीच्या मागे लाकडाचा चढ बांधावा. आणि उरलेला सातवा बार सलामीस लाविला. तोफ दक्षिणेस तोंड करोन चढाचे पायथ्याशी ठेविली, सटवाजीने तिजला पुसोन बत्ती दिली, आणि सर्व राज्यादेखत आत्यासाहेब गर्जोन चार हात चढ चढोन मागे गेल्या, क्षणभर वर थांबल्या, आणि मग धरित्रीने ओढिल्या तैशा डुलत डुलत खाली येऊन आपल्या जागी उभ्या राहिल्या. एक्याण्णव वर्षांत त्या राज्यात प्रथमच माघारीस टाळ्या पडल्या. पंतांनी दोरी लाविली नाही. दोरी आवडाबाईचे हाती दिली, आणि ती आजही तिच्या घरी घागर ओढावयास आहे.

तात्पर्य इतके की, उभे आहे ते उभे राहते आणि चालते आहे ते चालत राहते, जोवर कोणी आडवे येत नाही; धक्का एकच असला तरी जड हळू चालते आणि हलके भरभर; आणि ज्यास ढकलावे ते तितक्याच जोराने उलट ढकलते, मग तो गोळा असो, भिंत असो, वा पाऊलनवीस. यास राजाज्ञा लागत नाही आणि राजाज्ञेने हे बदलतही नाही. लेखणीही आपणहून थांबती ना. कागदाची कड आडवी आली, सबब येथे थांबली.